तंत्रज्ञानाचं स्वराज्य : कडी कोणाच्या हातात?

'तांत्रिक सार्वभौमत्व' हा शब्द सेमिनारच्या यादीत वाचला तेव्हा मला तो एका दमात म्हणताही येईना. (कॉन्व्हेंटची कृपा, दुसरं काय!) आपल्याला लागणारं तंत्रज्ञान आपल्या हातात असणं, दुसऱ्याच्या मर्जीवर नसणं, अशी व्याख्या लिहून मी अर्धं पान भरलं. पण ती व्याख्या खरी समजली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या मागासमोर. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बंद माग

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं टॉवेलच्या एका कारखान्यात जात होतो. शेडमध्ये एका बाजूला जुने धोट्याचे यंत्रमाग आणि दुसऱ्या बाजूला परदेशातून आणलेले दोन सेकंडहँड रेपिअर माग. रेपिअर मागात धोटा नसतो. एका बाजूची पकड बाण्याचा धागा मध्यापर्यंत आणते आणि तिथे दुसरी पकड तो तिच्याकडून घेऊन पलीकडे नेते. वेग जास्त आणि कापडात दोष कमी.

आम्ही गेलो त्या दिवशी त्यातला एक बंद होता. स्क्रीनवर एक एरर नंबर, बाकी काही नाही. कंट्रोल बोर्ड गेला होता. तिथल्या जॉबर मामांनी (माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात) तीसेक वर्षं यंत्रमागच दुरुस्त केलेत. आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगतात. पण या मागापुढे ते हात बांधून उभे होते. म्हणाले, "पाना घेऊन काय करू, पोरी? ह्याला पाना लागतच नाही."

मग आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले पुढे सरसावलो. मल्टीमीटर लावला, पॉवर सप्लाय तपासला, तो ठीक होता. मधोमध एक मोठी चिप होती. तिचा नंबर बघून डेटाशीट काढू म्हटलं तर नंबरच खरवडून काढलेला! बनवणाऱ्याने मुद्दाम, दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येऊ नये म्हणून. मागाचं सेटिंग बदलायला पासवर्ड हवा, तो एजंटकडे. बोर्ड परदेशातून येणार. तीन आठवडे माग तसाच उभा राहिला. त्या मागावरच्या कामगाराला नगावर मजुरी होती. माग बंद म्हणजे मजुरी बंद. शेठनी त्याला पॅकिंगला बसवलं, पण तिथे हजेरी कमी.

शेजारचे जुने माग मात्र खडखडत चालू होते. त्यांचा तुटलेला भाग गावातल्याच फाउंड्रीत ओतून मिळतो. मला वाटलं, बघा, जुनं तेच खरं! तसं मी शेठना म्हटलंही. ते हसले. "ताई, जुना माग बिघडला तर दोन तास जातात, कबूल. पण नव्यावर तिप्पट माल निघतो, आणि बाहेरच्या गिऱ्हाईकाला नव्यावरचाच माल पसंत पडतो. जुन्यावर बसलो तर माग चालेल, धंदा बंद पडेल."

म्हणजे नवं घ्यावं तर गळ्यात दोरी, न घ्यावं तर पोटावर पाय. अख्ख्या विषयाची मेख इथेच आहे.

सगळी खरेदी म्हणजे परावलंबन नव्हे

आधी एक घोळ निस्तरू. बाहेरून घेतलेली प्रत्येक वस्तू म्हणजे गुलामी, असं आपण भाषणात टाळ्यांसाठी म्हणतो. आपल्या हॉस्टेलचंच बघा. मेसला दूध बाहेरून येतं, ब्रेड बाहेरून येतो. उद्या दूधवाला रुसला तर दुसरे दहा आहेत. याला देवाणघेवाण म्हणायचं. पण मेसचा आचारी एकच. तो न सांगता गावाला गेला की दोनशे पोरं-पोरी रात्री वडापावच्या गाडीवर! तांदूळ, गॅस, भांडी सगळं आपलंच असतं, तरी जेवण नसतं.

जगाच्या बाजारात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. आज एक मोबाइल किंवा स्कूटर एका देशात बनत नाही. खनिज एकीकडे, त्यावर प्रक्रिया दुसरीकडे, डिझाइन तिसरीकडे, जुळवणी चौथीकडे. या साखळीत बऱ्याच कड्या दूधवाल्यासारख्या असतात. दोन-चार मात्र आचाऱ्यासारख्या. ती कडी ज्याच्या हातात, तो बाकीच्यांना थांबवू शकतो, आणि तो थांबवू शकतो हे माहीत असल्यामुळेच बाकीचे त्याचं ऐकतात. धोरणात्मक परावलंबन म्हणतात ते हेच. तेव्हा वस्तू कुठे बनली हे विचारण्याआधी ती कोण अडवू शकतो, हे विचारायला हवं.

हा प्रश्न आपल्या सोलापूरच्या एका माणसाने जन्मभर अंगावर घेतला. त्यांची गोष्ट बघू.

वालचंदशेठचे तीन धडे

वालचंद हे नाव आपल्याला कॉलेजच्या पाटीवरून माहीत असतं. माझंही ज्ञान तेवढंच होतं. शाळेत जेम्स वॅट पाठ केला, पण २३ नोव्हेंबर १८८२ ला याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींबद्दल एक ओळ वाचली नव्हती. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत ते इंग्रजी अमलात उतरले, आणि तिन्हींत त्यांना वेगवेगळ्या कडीने अडवलं.

पहिला धडा जहाजाचा. १९१९ मध्ये वालचंदशेठ, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. (नरोत्तम हे मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू केली ती याच मोरारजींनी.) ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडचं 'लॉयल्टी' हे जहाज त्यांनी विकत घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन आहे, तो यामुळेच. जहाज आपलं झालं. पण समुद्रावरच्या मालवाहतुकीत ब्रिटिश कंपन्या मुरलेल्या होत्या. त्यांनी भाडं इतकं पाडलं की नवख्याने बुडावंच. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपुरतं राहायचं आणि ठरलेल्या टनेजवर जहाजं वाढवायची नाहीत. यंत्र हातात होतं, बाजार नव्हता. म्हणजे अडवणारी कडी नेहमी यंत्रातच असते असं नाही.

दुसरा धडा विमानाचा. २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरला म्हैसूर संस्थानच्या मदतीने त्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजची एचएएल ती हीच. विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाच्या मार्फत यंत्रं, नकाशे आणि जाणकार माणसं अमेरिकेतून आली. १९४१ मध्ये हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान तिथे तयार होऊन उडालंसुद्धा. पण महायुद्ध दाराशी आलं, १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे तिथे अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. वालचंदशेठचं स्वप्न त्यांच्या हातून गेलं.

कारखाना मात्र राहिला. दुरुस्ती करता करता माणसं शिकली. कोल्हापूर भागातल्या हसूरचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली तिथे एचटी-२ हे आपल्या डिझाइनचं पहिलं प्रशिक्षण विमान तयार झालं आणि ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. इंजिन मात्र ब्रिटिश. मग मारुत हे लढाऊ विमान आलं. जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांनी आपल्या इंजिनिअरांना बरोबर घेऊन ते केलं, १७ जून १९६१ ला ते उडालं. ज्या ताकदीच्या ऑर्फिअस इंजिनासाठी ते आखलं होतं त्याचं काम ब्रिटनमध्ये थांबलं, आणि ते पुढे न्यायला लागणारा पैसा आपण दिला नाही. कमी ताकदीची दोन इंजिनं बसवून मारुत १९७१ च्या युद्धात लढलं, पण आखलेला वेग त्याला कधी मिळाला नाही.

आणि आज? फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क १ए विमानांची ऑर्डर एचएएलला मिळाली. त्यासाठी ९९ इंजिनांचा करार ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीशी झाला. त्यातलं पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातलं पहिलं मार्क १ए उडालं तेव्हा टीव्हीवर ते बघून हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यात खोटं काही नाही, पंख आपले, उड्डाण नियंत्रणाचं सॉफ्टवेअर आपलं. पण विमान बदलत गेलं आणि सत्तर वर्षं कडी तीच राहिली, इंजिनाची.

इंजिनच का? कारण जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पातं वितळू नये म्हणून आतून हवेच्या बारीक वाटा काढतात, बाहेरून लेप देतात, आणि सगळं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओततात. हे नकाशा पाहून जमत नाही. हजारो पाती फुकट घालवून, ती का फुटली ते लिहून ठेवूनच जमतं. अशी विद्या कोणी विकत नाही, आणि विकली तरी 'काय करायचं' तेवढं विकतात, 'असंच का' ते ठेवून घेतात.

तिसरा धडा मोटारीचा. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर वालचंदशेठनी क्रायस्लरशी करार केला. युद्धकाळात सरकारने कारखान्याला हात दिला नाही, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. पुढे फियाटशी करार झाला आणि मुंबईच्या कुर्ल्यात फियाट गाड्या बनू लागल्या. १९७४ पासून ती पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. हळूहळू तिचे जवळजवळ सगळे भाग इथेच बनू लागले. कुठलाही मेकॅनिक ती उघडून जोडायचा. बाहेरचा कोणी ती थांबवू शकत नव्हता. म्हणजे झालंच की सार्वभौमत्व!

पण गाडी तिथेच थांबली. भाग आपले झाले, डिझाइन मात्र १९६० च्या आसपासचं इटालियन, ते तसंच. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या तंत्रावर मारुती ८०० आली आणि लोकांनी तिकडे रांगा लावल्या. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास संपलं, आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. फाटक लावून घेतलं की चोर येत नाही, तशी हवाही येत नाही. आमच्या शेठनी जुन्या मागाबद्दल सांगितलं ते नेमकं हेच.

८ एप्रिल १९५३ ला वालचंदशेठ गेले. तिन्ही धड्यांची बेरीज अशी: बाजार हातात नसेल तर यंत्र उपयोगाचं नाही, गाभ्यातली विद्या नसेल तर कारखाना अपुरा, आणि शिकणं थांबलं तर स्वतःची वस्तूसुद्धा शिळी होते.

परमने कुठे हात घातला?

मग करायचं काय? सगळंच स्वतः बनवणं कुठल्याच देशाला परवडत नाही. निवड करावी लागते, आणि चांगली निवड कशी असते याचं उदाहरण पुण्यात आहे.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. तो अण्वस्त्रांच्या कामाला वापरला जाईल या शंकेने हवा तो मिळाला नाही, हवामानाच्या अंदाजासाठी त्याहून कमी ताकदीचा मिळाला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

आता गंमत बघा. परममधली चिप भारतीय नव्हती! ती ट्रान्सप्युटर नावाची, इनमॉस या ब्रिटिश कंपनीची, बाजारात सरळ मिळणारी. भटकरांच्या टीमने ठरवलं की चिपच्या मागे लागायचं नाही. मिळतात त्या साध्या चिपा एकमेकींशी जोडायच्या, आणि एक मोठं गणित तुकडे करून त्यांना वाटून देणारं सॉफ्टवेअर आपण लिहायचं. अडवलेली वस्तू होती एक प्रचंड यंत्र, त्यांनी ती वाट सोडून दुसरी धरली. ती जोडणी आणि ते सॉफ्टवेअर डोक्यात असल्यामुळे पुढे चिप बदलली तरी परमची मालिका चालू राहिली. दूधवाला बदलला, आचारी घरचा होता.

एक छोटं चुंबक

हे सगळं इतिहासात जमा झालंय असं कोणाला वाटत असेल तर २०२५ चं वर्ष आठवा. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीत निओडिमिअमचं चुंबक असतं. मोटार तापल्यावरही त्याची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोशिअम, टर्बिअम अशी दुर्मिळ मूलद्रव्यं किंचित घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांत आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. फ्रेम, बॅटरी पॅक, माणसं, गिऱ्हाईक, सगळं तयार. मुठीत मावणाऱ्या चुंबकांसाठी स्कूटर अडली.

आणि ही माती आपल्याकडे नाही असंही नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, ती वाळू हाताळणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे. पण वाळूपासून चुंबकापर्यंतच्या मधल्या पायऱ्या आपण चढलोच नाही, कारण तयार चुंबक स्वस्तात मिळत होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात ही चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चांगलंच झालं. पण टर्बाइनच्या पात्यासारखीच ही विद्यासुद्धा पैसे मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाही.

तीन प्रश्न

आता परत आपल्या मागाकडे. हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही प्रोजेक्टचा विषयच बदलला. त्या रेपिअर मागाच्या भागांची यादी केली आणि प्रत्येक भागापुढे तीन प्रश्न लिहिले.

१. हा भाग उद्यापासून मिळाला नाही तर माग किती दिवस चालेल?
२. दुसऱ्या कोणाकडून तो किती दिवसांत मिळेल?
३. तो असाच का केलाय, हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का?

बेअरिंग, पट्टा, मोटार : तिन्ही उत्तरं चांगली, चिंता नको. पकड पुढे-मागे नेणारी टेप : बनवणारे एकाहून जास्त, म्हणून एक जादा आणून ठेवली की झालं. कंट्रोल बोर्ड : पहिल्याचं उत्तर शून्य दिवस, दुसऱ्याचं तीन आठवडे, तिसऱ्याचं 'कोणीच नाही'. अख्ख्या यादीत आचारी एकच निघाला.

त्या बोर्डासारखा बोर्ड आम्ही बनवला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण टी.ई.च्या चार पोरांकडून ते होण्यासारखं नव्हतं आणि झालंही नाही. आम्ही दोनच गोष्टी सुचवल्या. एक, एमआयडीसीत त्याच जातीचे माग असलेल्या मालकांनी मिळून एक जादा बोर्ड घेऊन ठेवावा. चौघे तयार झालेत, पैसे अजून जमायचेत. दोन, एजंटचा माणूस नवा बोर्ड बसवायला आला की त्याने भरलेलं प्रत्येक सेटिंग उतरवून घ्यावं आणि प्रत्येकाबद्दल 'हे इतकंच का' म्हणून विचारावं.

बोर्ड आला त्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो. एजंटच्या माणसाने पासवर्ड टाकताना स्क्रीनवर हात धरला. पण सेटिंगचे आकडे भरताना त्याला हात धरता येईना, दोन्ही हात कामात होते. मी वही काढली, तर मामांची डायरी आधीच उघडलेली! तेलुगू अक्षरांत, शेजारी छोटी चित्रं काढून, ते एकेक आकडा उतरवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "धागा जाडा केला तर हा आकडा वाढवायचा का कमी?" त्या माणसाने आधी उडवून लावलं. मामांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं.

मित्रांनो, उद्या आपल्यातले निम्मे पुण्या-बंगळूरला जातील, दुसऱ्याने बनवलेली यंत्रं आणि दुसऱ्याने लिहिलेली सॉफ्टवेअर चालवतील. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. निदान तीनदा विचारा.

मागच्या महिन्यात कारखान्यात गेले होते. दोन्ही रेपिअर चालू होते. एका मागावर जाडा धागा लावला होता, आणि सेटिंग एजंटला फोन न करता बदललं होतं.